कलम १५३-अ चा मुंबईतला इतिहास

चिथावणीखोर भाषणावर गुन्हा नोंदवला की बातमीत हमखास एक कलम असायचं: १५३-अ, दोन समाजांत तेढ निर्माण करणं. जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा १९६ झाला. सलोख्याच्या काळजीतून हे कलम आलं असावं असं वाटतं, पण त्याचं जन्मसाल पाहावं.

१८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. सरकारबद्दल प्रेम नसणं हीच राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’, असा सैल अर्थ न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितला. शिक्षा झाली दीड वर्षाची. पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचं कलम आणखी रुंद केलं आणि त्याच दुरुस्तीत १५३-अ दंडसंहितेत घातलं. १९०८ च्या खटल्यात टिळकांवर राजद्रोहाच्या जोडीला हेही कलम लागलं. तेढ कुणात? इंग्रज आणि हिंदी लोकांत! सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगावातले कामगार सहा दिवस संपावर होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिलं. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने उठवली. लगेच १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधाचं कारण घटनेच्या कलम १९(२) मध्ये आलं.

विलेपार्ल्यातल्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली, म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड हायकोर्टाने रद्द केली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. त्यांच्या प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी गेला. लक्षात घ्या, हे घडलं निवडणूक कायद्याने, १५३-अ ने नव्हे. उलट २०१२ मध्ये ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते लाइक करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना थेट अटक झाली. त्या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं.

दुबळ्यावर चटकन चालणारा कायदा बलवानापुढे का अडखळतो, याचं एक कारण मला १५३-अ च्या मंजुरीच्या अटीत दिसतं. गुन्हा पोलीस नोंदवतात, पण सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिला. मंजुरीची अट मात्र फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम २१७ मध्ये, तशीच आहे.