क्वांटम चिपमागचे विद्यार्थी

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे सध्या जेआरएफ (पीएचडीच्या काळातली कनिष्ठ संशोधन फेलोशिप) आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) यांच्या जागा निघत आहेत. या जागा म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालची हमाली, असा समज असेल तर तो आधी सोडावा. या क्षेत्राचा पाया अशाच मुलांनी घातला.

1962 मध्ये ब्रायन जोसेफसन केंब्रिजमध्ये पीएचडी करत होता, वय 22. दोन अतिवाहकांमध्ये, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थांमध्ये, विद्युतरोधकाचा अगदी पातळ थर असला, तरी व्होल्टेज न लावता त्यातून प्रवाह वाहील, हे त्याने आधी कागदावर मांडलं. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक; आजच्या अतिवाहक क्युबिटचं काळीज म्हणजे हाच ‘जोसेफसन जोड’.

पुढचा टप्पा अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा, 1984-85 चा. जॉन क्लार्क प्राध्यापक, मिशेल डेव्होरे पॅरिसहून आलेले पोस्टडॉक आणि जॉन मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी. हातात धरता येईल एवढं सर्किट अणू-इलेक्ट्रॉनसारखं क्वांटम नियमांनी वागतं का, हे त्यांना पाहायचं होतं. अडचण तारांची होती: खोलीतल्या उष्णतेचा गोंगाट तारांमधून थेट थंड चिपपर्यंत उतरायचा. तो अडवायला त्यांनी तांब्याची पूड भरलेले फिल्टर वापरले. त्या कामाला 2025 चं नोबेल मिळालं, तिघांनाही.

डेव्होरे नंतर अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात गेले. तिथे पीएचडी केलेले आर. विजयराघवन 2012 मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. 2024 मध्ये तिथल्या 6 क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी झाली. चिप कुलाब्याची, नियंत्रणाची यंत्रणा पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांची, सॉफ्टवेअर टीसीएसचं.

मिशनचा पैसा मात्र उशिरा आला. 2020 च्या अर्थसंकल्पात क्वांटम तंत्रज्ञानासाठी 8,000 कोटींची घोषणा झाली. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 19 एप्रिल 2023 ला, 6,003.65 कोटींना. मिशनमधलं पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र आयआयटी दिल्लीकडे, संवेदनाचं (सेन्सिंगचं) पवईच्या आयआयटीकडे. जेआरएफला महिना 37,000 आणि वर घरभाडे भत्ता. मुंबईत ही रक्कम ओढाताणीचीच आहे, ती वाढायला हवी.

आणि हे दार फक्त भौतिकशास्त्रवाल्यांसाठी नाही. जोसेफसन जोडातला विद्युतरोधक थर बहुधा ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडचा असतो; त्या थरात सूक्ष्म दोष राहतात आणि तेच क्युबिटची ऊर्जा शोषून घेतात. तो थर स्वच्छ कसा वाढवायचा, हे काम रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्र शिकलेल्यांचंही आहे.