व्हिंटेज मोटारींचे पत्राकाम आणि बंपर (बडोदे)

जुन्या मोटारीचा गंजलेला, ठोकर खाल्लेला किंवा पूर्वीच्या दुरुस्त्यांनी बिघडवलेला बाह्य पत्रा आणि तिचे बंपर मूळ आकारात व मूळ झिलईत आणण्याचे काम. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारींनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. भारतात २०२१ साली झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यामुळे संस्थानी काळातल्या गाड्यांबरोबर जुन्या फियाट ११०० आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसडरही या नावाखाली येतात. दोन्हींचे पत्राकाम मात्र निराळे. पहिल्या प्रकारात बहुधा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा असतो, दुसऱ्यात साच्यात दाबून जोडलेली पोलादी बॉडी.

बडोद्यात या कामाला जुन्या कारागिरीची पार्श्वभूमी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाने हस्तोद्योग आणि यंत्रविद्या शिकवली. पुढे तिथूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ हे मोठे प्रदर्शन भरले होते. गॅरेजातली भाषा इथे मिश्र असते. गंजाला कोणी ‘जंग’ म्हणतो, कोणी गुजराती ‘काट’. पुट्टीला मराठी माणूस ‘लांबी’ म्हणतो आणि ठोकाठोकी करणारा सगळ्यांच्याच तोंडी ‘डेंटर’ असतो.

पारख

कामाचा अंदाज रंग उतरवण्यापूर्वी घेतात आणि तो जवळजवळ नेहमी कमी निघतो. लोहचुंबकाला पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे ओढ सैल पडते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. कुठेच ओढ नसेल तर पत्रा ॲल्युमिनियमचा असण्याची शक्यता आहे, हे आधी ठरवून घ्यावे. नाहीतर पुढची चूक महाग पडते.

गंज शोधायचा तो खालच्या कडांना. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोके असतात. विश्वामित्री नदीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरांत ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या दारांत आणि फुटबोर्डाच्या पोकळीत गाळ बसतो, भोके बुजतात आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून फक्त रंगाला मोहरीएवढे फुगवटे दिसतात. एका फुगवट्यावर टोच्या दाबला की तो आरपार जातो.

मडगार्डची कड ही स्वतंत्र डोकेदुखी. जुन्या गाड्यांत कड मजबूत राहावी म्हणून पत्रा सुमारे ४-५ मिमी जाडीच्या तारेभोवती वळवलेला असतो. त्या वळीत पाणी शिरते आणि तार गंजून फुगते. फुगलेली तार पत्र्याला आतून फाडते. अशा कडेवर नुसती लांबी भरली तर एक पावसाळाही टिकत नाही. वळी उघडून, तार बदलून, आत प्रायमर लावून ती पुन्हा मिटवणे हाच उपाय.

रंग उतरवणे

ॲल्युमिनियमच्या पत्र्याला कॉस्टिक सोडा कधीही लावू नये. तो रंगाबरोबर धातूही खातो. मोठ्या सपाट पोलादी भागांवर वाळूचा फवारा मारणे हीसुद्धा नेहमीची चूक. बोनेट किंवा दाराचा साधारण ०.९ मिमीचा, म्हणजे वीस गेजचा पत्रा त्या माऱ्याने ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजू लागतो. फवारा चासी, ब्रॅकेट आणि चाकांसाठी ठेवावा. पत्र्यावर रासायनिक स्ट्रिपर लावून खरवडावे. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. गंज मारणारे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण वापरले तर ते पाण्याने पूर्ण धुऊन पत्रा लगेच वाळवावा. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही आणि काही महिन्यांनी रंग पापडासारखा सुटतो.

पत्रा

पहिला नियम: जेवढा मूळ पत्रा वाचवता येईल तेवढा वाचवायचा. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापतात आणि त्याच जाडीच्या सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादी पत्र्याचा तुकडा कडेला कड भिडवून जोडतात. जुन्यावर नवा चढवून केलेला जोड सोपा असतो, पण दोन थरांच्या फटीत ओल साठते आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. आधी साधारण २५ मिमी अंतरावर टाके घ्यायचे, मग एका टोकापासून सलग न जाता आलटून पालटून मधल्या जागा भरायच्या. मिग, म्हणजे यंत्रातून सरकत येणाऱ्या तारेच्या वेल्डिंगचा टाका कडक असतो, ठोकून पसरवायला गेले तर तडकतो. गॅसचा किंवा टिगचा, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या विजेच्या वेल्डिंगचा टाका मऊ राहतो. म्हणून उघड्या दिसणाऱ्या भागात जाणते डेंटर गॅस किंवा टिगच पसंत करतात, जरी गॅसच्या उष्णतेने पत्रा जास्त वाकत असला तरी.

पोचा काढताना हातोडी आणि डॉली, म्हणजे मागून धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा, यांचे नाते समजून घ्यावे लागते. हातोडी थेट डॉलीवर पडली तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो. डॉली खोलगट भागाखाली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर असेल तर पत्रा न ताणता सपाट होतो. नवशिके पहिलीच पद्धत सगळीकडे वापरतात आणि पोच्याच्या जागी फुगा तयार करतात. फुगा बसवायला पत्र्यावर रुपयाएवढा ठिपका गॅसने लाल करतात, कडेकडेने आत ठोकत येतात आणि ओल्या फडक्याने विझवतात. एका वेळी एकच ठिपका. दोन शेजारी लाल केले तर पत्रा कुठल्या बाजूला ओढला जाईल याचा भरवसा नसतो.

ॲल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होत जाते, त्याला मधूनमधून मऊ करावे लागते. पोलादासारखे ते लाल होत नाही. ६६० अंश सेल्सिअसला एकदम वितळून खाली पडते. म्हणून पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढून मागून ज्योत फिरवतात. रेघ तपकिरी-काळी झाली की ज्योत काढायची. वेल्डिंगचा फ्लक्स, म्हणजे जोडताना लावलेले रसायन, गरम पाण्याने आणि ब्रशने धुतला नाही तर तो धातू कुरतडत राहतो.

लांबी ही शेवटची पातळ साय असावी, दोन-तीन मिमीपेक्षा जास्त नाही. जुन्या गाड्यांत सांध्यावर शिसे-कथलाचा भराव असे. ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील असलेली मिश्रधातू १८३ ते सुमारे २५५ अंशांच्या दरम्यान लोण्यासारखी मऊ राहते आणि चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने पसरवता येते. ते काम शिकलेला माणूस मिळाला तर अजूनही तेच करावे. मात्र मुखवटा लावून, आणि किसलेला चुरा झाडूने न उडवता.

लाकडी सांगाड्याच्या गाडीत पत्र्याआधी लाकूड बघतात. मूळ लाकूड बहुधा ॲश असते. इथे त्याच्या जागी सागवान वापरतात. दार खाली लोंबत असेल तर बिजागरी नव्हे, बहुधा खांबाचा सांधा सैल झालेला असतो. चासी आणि बॉडी यांच्यामधल्या पॅकिंगच्या चकत्या काढताना कुठली कुठे होती त्याची खूण केली नाही, तर दारांच्या फटी पुन्हा कधीच सारख्या येत नाहीत.

बंपर

आधी एक ऐतिहासिक गोष्ट, कारण प्रदर्शनात गुण इथेच जातात. क्रोमचा मुलामा मोटारींवर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधीच्या गाड्यांची झळाळी निकेलची, किंचित पिवळसर, चांदीच्या जुन्या ताम्हनासारखी उबदार. १९२४ च्या गाडीला निळसर क्रोमचा बंपर आणि दिवे लावले तर ती नवी दिसते, पण चुकीची. अनेक सुरुवातीच्या गाड्यांना तर बंपरच नव्हते.

क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तो काहीही झाकत नाही. बंपरची चमक म्हणजे खालच्या निकेलची चमक, निकेलची म्हणजे तांब्याची, आणि तांब्याची म्हणजे घासलेल्या पोलादाची. क्रम असा: खोलणे, जुना मुलामा उतरवणे, सरळ करणे, खड्डे भरणे, घासणे, गाडीवर कोरी जुळणी, म्हणजे मुलाम्याआधी बसवून बघणे, आणि मग प्लेटिंग, म्हणजे विजेने मुलामा चढवणे. मुलामा न उतरवता बंपर वाकवला तर तो तडकून सोलतो, आणि क्रोमवर वेल्डिंग केल्यास विषारी धूर निघतो, शिवाय टाका सच्छिद्र येतो.

सरळ करण्यापूर्वी दुसऱ्या, चांगल्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा. डावी-उजवी बाजू उलटवून तोच साचा दोन्हीकडे लावता येतो. सुरुवातीचे पट्टीबंपर स्प्रिंगच्या पोलादाचे असतात. त्यांना लाल करून वाकवले तर ताकद जाते, म्हणून दाबयंत्रात थंडच सरळ करतात. अशा पोलादाला आम्लात फार वेळ ठेवले तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि पट्टी नंतर काचेसारखी तुटते. मुलामा होताच चार तासांच्या आत सुमारे १९० अंशांवर काही तास भट्टीत ठेवणे, हा त्यावरचा उपाय.

बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग नीट बघावा. तिथे वॉशरखाली पाणी राहते आणि गोल कडेने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. खोल खड्डा चांदीच्या सोल्डरने किंवा ब्रेझिंगने भरतात. बारीक खड्ड्यांवर तांब्याचा जाड थर चढवून तो बफने, म्हणजे फिरत्या चकतीने घासतात, पुन्हा चढवतात, पुन्हा घासतात, नख अडकेनासे होईपर्यंत. लांबी इथे चालत नाही. तिच्यातून वीज जात नाही. घासायचा क्रम ८०, १२०, १८०, २४०, ३२० दाण्याचा, मग सिसलचा, म्हणजे काथ्यासारख्या राठ धाग्याचा, आणि शेवटी सुती बफ. प्रत्येक दाण्याला आधीच्या रेघांना आडवे घासावे, म्हणजे राहिलेली रेघ दिसते. घाई करणारा बफवाला कडा गोल करतो आणि भोके लांबट ओढतो. हा दोष मुलाम्यानंतर सुधारता येत नाही.

कोरी जुळणी टाळू नये. मुलामा झाल्यावर ब्रॅकेटमध्ये बसत नाही म्हणून बंपर जोराने ओढला की कोपऱ्यावर केसासारखी तड येते.

प्लेटिंगला देताना पहिला प्रश्न टाकीच्या लांबीचा. बंपर टाकीत पूर्ण बुडत नसेल आणि अर्धा-अर्धा उलटून केला, तर मधोमध पट्टा दिसतो. दुसरा प्रश्न विजेचा. १६० सेमी लांब आणि १५ सेमी रुंद बंपरच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ४८ चौरस डेसिमीटर होतात. निकेलला दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर धरले तरी १९० अँपिअर लागतात. त्या प्रवाहात अर्ध्या तासात २३-२४ मायक्रॉन निकेल चढते, आणि बाहेर वापरायच्या बंपरला २५ ते ३० हवेच. क्रोमला १५ अँपिअर धरले तर सातशेच्या वर. छोट्या रेक्टिफायरवर, म्हणजे टाकीला वीज पुरवणाऱ्या यंत्रावर, काम केले की आतल्या वळणांत क्रोम पोचत नाही आणि तिथे पिवळट डाग राहतात.

पोलादावर आम्लयुक्त तांबे थेट चढवले तर ते चिकटत नाही. आधी सायनाइडच्या टाकीत पातळ थर देतात, मग कॉपर सल्फेटच्या टाकीत जाड. सायनाइड आणि आम्ल यांचे धुण्याचे पाणी एकत्र आले तर प्राणघातक वायू तयार होतो. क्रोमचे पिवळे-नारिंगी पाणी नाल्यात सोडणे बेकायदा आहे. आम्ल स्थितीत सोडियम मेटाबायसल्फाइटने ते हिरवे करून, मग चुन्याने साका खाली बसवतात. ही कामे घरच्या अंगणात करायची नाहीत.

मुलामा मागच्या बाजूला पातळच राहतो. तिथे झिंक प्रायमर आणि ॲल्युमिनियम रंग द्यावा.

रंग

पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर लांबी, मग प्रायमर सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा थर. आम्लयुक्त एचिंग प्रायमरवर पॉलिएस्टर लांबी चढवू नये, ती सुटते. लांबी पाणी पिते, म्हणून तिच्यावर वॉटर पेपर चालवू नये. लाकडी ठोकळ्यावर १८० नंबरचा कोरडा कागद, मग सरफेसरवर ३२० आणि ६००. वर काळ्या रंगाची विरळ धूळ मारून घासले की खोलगट जागी काळे राहते. डोळ्याला न दिसणारी लाट फडक्याआडून फिरवलेल्या तळहाताला लागते.

१९२३-२४ पासून गाड्यांवर नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. मूळपणा हवा असणारे आजही तो मागतात, पण बडोद्याच्या पावसाळ्यात तो मारताच दमट हवेने पांढुरका होतो. मे महिन्यात उलटे घडते, थिनर रंग फवारायच्या पिस्तुलातून पत्र्यापर्यंत पोचेतो उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. दिवाळीनंतर ते उत्तरायणाच्या पुढे फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटाच लागतो.

नोंदणी आणि मूळपणा

व्हिंटेज नोंदणीत गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, गुजरातेत ‘जीजे’च्या पाठोपाठ. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी नियमात बसत नाही. त्यामुळे प्रत्येक कापलेल्या तुकड्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि शक्य तर जुना तुकडाही, जपून ठेवावा.

निगा

बंपर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दोन-तीन महिन्यांनी मेण लावणे पुरे. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच किंवा राख क्रोमला लावू नये. पाव मायक्रॉनचा थर किती घासणे सोसणार? दसऱ्याच्या पूजेतला झेंडूचा हार बंपरला तारेने न बांधता सुतळीने बांधावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. ओल्या फुलांचे डाग पडतात, आणि तारेची रेघ निघत नाही.