ड्रायवॉल कापायची हत्यारं आणि त्यांच्या सेफ्टीच्या नियमांमागची गोष्ट

ड्रायवॉल म्हणजे जिप्सम बोर्ड. तो कापताना पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी भलतंच चाललंय. आठ फुटी शीट, वजन वीस-पंचवीस किलो, आणि कारागीर करतो काय तर पट्टी लावून कटर एकदा ओढतो, मागून दाब देऊन शीट फाटकन मोडतो, मागचा कागद कापतो, झालं. करवत नाही, मशीन नाही. आणि याच कामाबद्दल सेफ्टीच्या सूचना वाचल्या तर भलीमोठी यादी असते, ब्लेड बदला, गॉगल घाला, मास्क लावा, मेन बंद करा वगैरे. ही यादी कोणी एका बैठकीत लिहिलेली नाही. ती हत्यारांबरोबर हळूहळू वाढत गेलीये, आणि ती कशी वाढली हे कळलं की कुठला नियम कशासाठी आहे हे पाठ करायची गरज पडत नाही.

आधी भिंती कशा व्हायच्या ते बघू, अमेरिकेत आणि युरोपात. लाकडी सांगाड्यावर पातळ लाकडी पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे लॅथ, आणि त्यावर ओल्या प्लास्टरचे दोन-तीन थर द्यायचे. प्रत्येक थर वाळायला वेळ, हवा दमट असेल तर आणखी वेळ, आणि हाताखाली कसबी प्लास्टरवाले पाहिजेतच. या पट्ट्या ठोकणाऱ्यांचं हत्यार म्हणजे लॅथिंग हॅचेट, एका बाजूला हातोडी आणि दुसऱ्या बाजूला छोटी कुऱ्हाड, त्याच हाताने पट्टी तोडायची त्याच हाताने ठोकायची. आज ड्रायवॉल हॅमर म्हणून जो मिळतो तो याचाच वंशज आहे, कुऱ्हाडीचा आकार तसाच राहिलाय पण आता त्याला धार नसते, ती बाजू शीट उचकटून जागेवर सरकवायला वापरतात, आणि हातोडीचं तोंड जरा फुगीर केलंय म्हणजे खिळा आत बसताना कागद फाटत नाही. त्या पात्याला धार लावायची हौस काही जणांना असते, करू नका, उगाच कपाळाच्या दिशेने येणारं एक पातं वाढवायचं.

आता बोर्ड. १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट नावाच्या अमेरिकन माणसाने कागदाचे थर आणि मधे प्लास्टर अशा बोर्डाचं पेटंट घेतलं. साधारण ३ फूट बाय ३ फूट, जाडी पाव इंच. ही काही तयार भिंत नव्हती, लाकडी पट्ट्यांच्या जागी बसवायचा तो बेस होता, त्यावर प्लास्टर करावंच लागायचं. आणि त्याच्या कडा उघड्या होत्या, मधलं प्लास्टर कडेला दिसायचं आणि ढासळायचं. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेटची कंपनी विकत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत बोर्डात खरा बदल झाला: थरावर थर देण्याऐवजी मधे जिप्समचा एकच गाभा, दोन्ही बाजूंना कागद, आणि पुढचा कागद कडेवरून मागे दुमडलेला. १९१७ पासून हाच बोर्ड शीटरॉक नावाने विकला जाऊ लागला.

माझ्या मते कापण्याच्या हत्यारांचा सगळा इतिहास या एका बदलात आहे. कारण आता बोर्डाची ताकद कागदात होती. जिप्सम स्वतः एकदम मऊ खनिज, मोहज स्केलवर कडकपणा २, नखानेही ओरखडा येतो, आणि ठिसूळ. कागद आहे म्हणून ते वाकताना तुटत नाही. मग एका बाजूचा कागद कापला की त्या रेषेवर बोर्डाला आधार उरत नाही आणि तो तिथेच सरळ मोडतो. म्हणजे सुरीला जिप्सम कापायचंच नसतं, कागद कापायचा असतो. नवशिक्या माणसाचा बहुतेक घोळ इथेच होतो, तो सुरी खोल रेटतो, अंगाचा जोर लावतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली की थेट पट्टी धरलेल्या डाव्या हातावर. अनुभवी माणसाचा हात हलका असतो, एकदाच, फार तर दोनदा फिरवतो.

बरं, एवढी सोपी वस्तू लोकांनी लगेच उचलली असं वाटेल, पण नाही. कित्येक वर्षं ड्रायवॉल म्हणजे स्वस्तातलं काम, खरी भिंत प्लास्टरचीच, असंच लोकांचं मत होतं. मधला एक टप्पा म्हणजे रॉक लॅथ, १६ बाय ४८ इंचाचे छोटे जिप्सम बोर्ड, पुन्हा प्लास्टरखाली लपवायलाच. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बऱ्याच इमारतींत जिप्सम बोर्ड वापरला गेला आणि थोडी प्रसिद्धी मिळाली. पण खरा धक्का दिला दुसऱ्या महायुद्धाने. माणसं युद्धावर, कामगार कमी, बांधकाम लवकर पाहिजे. आणि युद्धानंतर परत आलेल्या सैनिकांसाठी घरंच घरं, न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनसारख्या वसाहतीत तर १९४७ पासून एकाच साच्यातली हजारो घरं उभी राहिली आणि त्यांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या. प्लास्टरच्या थरांना वाळायला जो वेळ लागायचा तो सगळा वाचला. काम झपाट्याचं झालं, आणि एकाच माणसाच्या हातात दिवसभर सुरी आली.

या सुरीची गोष्ट वेगळीकडून येते. अमेरिकेत तोवर बदलता येणाऱ्या ब्लेडची युटिलिटी नाइफ रुळली होती, ती जाड, बुटकी, चौकोनाच्या दोन बाजू तिरक्या केल्यासारखी ब्लेड असते ती. एक बाजू बोथट झाली की उलटी लावायची. जपानमध्ये मात्र १९५६ मध्ये योशिओ ओकाडा यांनी दुसराच रस्ता काढला. ते ओसाकात छपाईच्या धंद्यात होते, कागद कापताना ब्लेडची टोकं पटापट बोथट व्हायची आणि बाकीची ब्लेड तशीच फेकावी लागायची. चांभार लोक काचेचे तुकडे वापरायचे, धार गेली की काच फोडून नवी धार, आणि अमेरिकन सैनिक वाटायचे ती चॉकलेटं, खाचांवर मोडणारी. या दोन्हींवरून त्यांना ब्लेडवर आडव्या रेषा पाडायची कल्पना सुचली. तीच आजची खटाखट मोडणारी कटर ब्लेड, आणि ओल्फा कंपनी त्यातूनच उभी राहिली. गंमत बघा, कागद कापणाऱ्या माणसाने कागदासाठी बनवलेली सुरी जिप्सम बोर्डाला चपखल बसली, कारण इथेही कापायचा असतो तो कागदच.

पण या ब्लेडचा गुण आणि दोष एकच आहे, ती मोडते. मोडायच्या रेषा आहेत म्हणजे त्या रेषांवर ती कमजोर आहे, त्यामुळे ब्लेड लांब बाहेर काढून बाजूने ताण दिला तर ती नको तेव्हा मोडते आणि तुकडा उडतो. म्हणून एक-दोन घरं एवढीच बाहेर काढायची, लॉक लावायचा, आणि बोर्ड उचकटायला कटर वापरायचा नाही, कधीच नाही. मोडताना पक्कडीने किंवा कटरबरोबर मिळणाऱ्या टोपणाने धरायची, टोक अंगापासून लांब, डोळ्यावर गॉगल. ड्रायवॉलसाठी १८ मिमीची ब्लेड घ्या, ९ मिमीची नाजूक असते, ती वॉलपेपर वगैरेला ठीक. तुकडे कचऱ्यात मोकळे टाकू नका, झाकणाचा डबा ठेवा, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला काय ठाऊक आत काय आहे.

आणि बोथट ब्लेडबद्दल एक. लोकांना वाटतं बोथट म्हणजे कमी धोक्याची. उलट आहे. बोथट ब्लेड कागद कापत नाही, ओढते, फाडते, मग माणूस जोर वाढवतो, आणि मग वर सांगितलं तेच होतं. जिप्सम मऊ असूनही धार जाते कारण खोल रेटलं की ब्लेड गाभ्यात घासत राहते, आणि आगीसाठी बनवलेल्या टाइप एक्स बोर्डात तर काचेचे तंतूही असतात. ब्लेड ही खर्चायची वस्तू आहे, जपून ठेवायची नाही.

सरळ कापायचं हे असं सुटलं. अडचण होती भोकांची, स्विचबोर्ड, पाइप, लाइटचे कट. मधेच चौकोनी भोक पाहिजे तर मोडून चालत नाही. त्यासाठी टोकदार हातकरवत, जॅब सॉ, टोक मारून घुसवायची आणि कापायचं. अजूनही हीच सगळ्यात सुरक्षित, एका अटीवर: बसवलेल्या भिंतीत घुसवताना पलीकडे काय आहे ते माहीत पाहिजे. वायर, पाण्याची लाइन, काहीही असू शकतं. मेन बंद करायचा, आधी भिंतीतल्या वायर-पाइप शोधणारा डिटेक्टर फिरवायचा किंवा छोटं भोक पाडून आत बघायचं, आणि करवत बोर्डाच्या जाडीपेक्षा जास्त आत जाऊ द्यायची नाही.

मग आली मशीनं, आणि त्यातलं एक चक्क हॉस्पिटलमधून. १९४० च्या दशकात मिशिगनमधले हाडांचे डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी पायाचं प्लास्टर कापायची थरथरणारी करवत बनवली, पातं गोल फिरत नाही, थोडंसं इकडे-तिकडे हलतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि खालची मऊ कातडी हलते पण कापली जात नाही. जर्मनीच्या फाइन कंपनीनेही १९६७ मध्ये प्लास्टर काढायची तशी करवत आणली आणि पुढे त्यातूनच कारागिरांसाठी मल्टीटूल झालं. पायावरचं प्लास्टर आणि भिंतीवरचा बोर्ड, दोन्ही जिप्समच, तेव्हा हे हत्यार भिंतीवर आलं यात नवल नाही. पण मूळ करवतीची ती सवलत इथे धरायची नाही. मल्टीटूलची लाकूड-लोखंड कापायची दातेरी ब्लेड हात सोडत नाही, आणि वायरचं आवरण तर नाहीच नाही.

दुसरं मशीन रोटरी कटआउट टूल. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या एका ड्रायवॉल कॉन्ट्रॅक्टरने हे आणलं, म्हणजे रोज हे काम करणाऱ्या माणसानेच, रोटोझिप नावाने ते पसरलं. बोर्ड आधी स्विचच्या बॉक्सवर बसवायचा आणि मग बिट, म्हणजे मशीनचं फिरणारं टोक, आत घालून बॉक्सच्या कडेने फिरवायची, मोजमापाची कटकट गेली. पण मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फिरणारी बिट आणि आत वायर, हे जोडपं वाईट आहे. वायर बॉक्समध्ये पार मागे दाबून ठेवायच्या, वीज बंद, बिट बोर्डाच्या जाडीपेक्षा साधारण ३ मिमीच जास्त बाहेर. बॉक्सच्या बाहेरून फिरताना घड्याळाच्या उलट दिशेने, आणि मोकळ्या बोर्डात भोक पाडताना घड्याळाच्या दिशेने. दिशा चुकली तर बिट बॉक्स सोडून भरकटते आणि तुमच्या सुंदर भिंतीवर रेघ उठते.

आणि इथेच तो धोका वाढला ज्याकडे कितीतरी वर्षं कोणी नीट बघितलं नाही, धूळ. सुरीने मोडलं तर धूळ जवळजवळ नाही. करवतीने थोडी. रोटरीने ढग. आणि दोन बोर्डांच्या शिवणीवर भरलेली लेप, म्हणजे जॉइंट कंपाउंड, पॉलिशपेपरने घासताना तर काही विचारू नका. त्यात जुन्या काळातल्या जॉइंट कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू, घालायचे, अमेरिकेत १९७७ मध्ये घरगुती वापराच्या अशा पॅचिंग कंपाउंडवर बंदी आली. म्हणजे त्याआधीच्या घरात भिंत कापायची असेल तर आधी नमुना तपासून घ्यायचा, मास्क लावला म्हणून भागत नाही. नंतर १९९९ मध्ये कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या नायॉश या सरकारी संस्थेने घासकामाची धूळ मोजून सांगितलं की कामगारांच्या नाकात जाणारी धूळ ठरलेल्या मर्यादेच्या, म्हणजे घनमीटरला १५ मिलीग्रॅमच्या, दहा पटीपर्यंत जाते. व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने (घासायच्या मशीनने) ती खूपच कमी होते हेही दाखवलं. २०१६ मध्ये ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असतो त्या खनिजाच्या, धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम केली, काही कंपाउंडमध्ये सिलिका असतो त्यामुळे हा नियम तिथे ड्रायवॉलच्या कामालाही लागतो. कापडाचा रुमाल या धुळीला अडवत नाही, एन९५ तरी पाहिजे, आणि जमेल तिथे मशीन सोडून सुरीच वापरा. मला तर वाटतं धुळीचा विचार केला तर सगळ्यात जुनी पद्धतच सगळ्यात पुढारलेली निघते.

ही पांढरी पूड हत्यारांनाही सोडत नाही. जिप्सम म्हणजे पाणी धरून असलेलं कॅल्शियम सल्फेट, ओल लागली की त्याची पूड चिकटलेलं पोलाद लवकर गंजतं. त्यामुळे काम संपलं की कटर उघडून आतली पूड कोरड्या ब्रशने काढायची, ओल्या फडक्याने पुसलं तर लगेच कोरडं करायचं, करवतीच्या पात्याला तेलाचा हलका हात. पट्टी किंवा टी-स्क्वेअर ॲल्युमिनियमचा असतो, तो गंजत नाही पण वाकतो, आणि कडेला कटरचे घाव पडले की सुरी तिथे अडकून उसळते, अशी पट्टी बदलायची. रोटरी टूलच्या हवेच्या जाळ्या फुंकून साफ करा, पण आधी प्लग काढून आणि डोळ्यावर गॉगल ठेवून, नाहीतर तीच धूळ पुन्हा तोंडावर.