सीडी ड्राइव्ह जेव्हा अंदाज ठोकतो

फोटो किंवा कागदपत्रं साठवलेली सीडी खराब झाली असेल, तर कॉपी करताना कॉम्प्युटर अडतो आणि चूक झाल्याचं सरळ सांगतो. गाण्यांच्या सीडीचं तसं नाही. चरे पडलेले असले तरी रिपिंग, म्हणजे सीडीवरची गाणी फाइल म्हणून कॉम्प्युटरवर उतरवणं, बिनबोभाट पूर्ण होतं, फाइल तयार होते, वाजतेही. पुढे कधीतरी हेडफोन लावून ऐकताना मधेच बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो, पण तोवर सीडी कुणाला तरी देऊन टाकलेली असते!

याचं मूळ सीडीच्या रचनेतच आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली सीडीचं मानक ठरवलं, ते गाणी वाजवण्यासाठी. आवाजाची सेकंदाला 44,100 मोजमापं, डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी, प्रत्येक मोजमाप 16 बिटांचं. एका सेकंदाचे 75 सेक्टर (म्हणजे माहितीचे कप्पे) आणि प्रत्येक सेक्टरमधले 2,352 बाइट सगळेच्या सगळे आवाजासाठी. पुढे त्याच तबकडीवर फाइली ठेवायची वेळ आली, तेव्हा सेक्टरमधले 2,048 बाइटच माहितीला दिले गेले. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक ओळखून दुरुस्त करायची जादा सोय बसवली. गाण्यांच्या वाट्याला ही जादा सोय आलीच नाही.

जी मूळ सोय दोन्हींना मिळते, ती मात्र भक्कम आहे. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी 1960 साली मांडलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. आवाजाच्या दर 24 बाइटांमागे तपासणीचे 8 बाइट असतात. शिवाय शेजारशेजारचे बाइट सलग न लिहिता शंभराहून अधिक फ्रेममध्ये, म्हणजे बाइटांच्या छोट्या गटांमध्ये, विखरून ठेवतात, म्हणजे एका चऱ्याने सगळेच शेजारी एकदम जात नाहीत. त्यामुळे ट्रॅकच्या, म्हणजे तबकडीवर वेढे घेत जाणाऱ्या बारीक रेघेच्या, दिशेने साधारण अडीच मिलिमीटर मजकूर सलग नाहीसा झाला, तरी तो जसाच्या तसा परत मिळतो. केंद्राकडून कडेकडे गेलेला चरा दिसायला भयंकर असला तरी एकेका वेढ्याचा थोडासाच भाग खातो. गोलाकार चरा मात्र ट्रॅकच्या बाजूबाजूने धावतो आणि खरं नुकसान तोच करतो. म्हणून सीडी गोल गोल पुसू नये. आतून बाहेर सरळ पुसावी. आणि छापील बाजू जास्त जपावी. चमकदार थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो, तर वाचायच्या बाजूला जवळपास 1.2 मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे.

दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की अंदाज सुरू होतो. आधीचं मोजमाप 1,200, नंतरचं 1,400, मधलं वाचताच आलं नाही, तर प्लेअर तिथे 1,300 टाकून मोकळा होतो. ऐकताना हे बहुधा कळतही नाही, आणि वाजवण्यापुरती ही युक्ती छानच आहे. पण रिप करताना ड्राइव्हने हेच केलं, तर तो अंदाज खऱ्या आकड्यांत मिसळून कायमचा फाइलमध्ये बसतो.

यावर उपाय म्हणजे पुन्हा वाचणं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि लिनक्सवर सीडीपॅरानोया ही सॉफ्टवेअर यासाठीच प्रसिद्ध आहेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या ‘सिक्युअर’ मोडमध्ये प्रत्येक भाग निदान दोनदा तपासला जातो. उत्तरं जुळली नाहीत तर ठरावीक मर्यादेपर्यंत पुन्हा पुन्हा. यात एक गोम आहे. अनेक ड्राइव्ह दुसऱ्या वेळी तबकडीकडे न बघता आपल्या कॅशमधलंच, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत ठेवलेलं आधीचंच उत्तर परत देतात. त्यामुळे सेटिंगमध्ये ड्राइव्हच्या कॅशचा पर्याय बरोबर आहे ना, हे आधी बघावं.

कॅशचा बंदोबस्त केला तरी तोच ड्राइव्ह त्याच चऱ्यावर तीच चूक दोनदा करू शकतो. इथे ॲक्युरेटरिप कामी येतं. तुमच्या रिपवरून काढलेला चेकसम (सगळ्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेली छोटी खूणसंख्या) ते इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या चेकसमशी ताडून बघतं. अनोळखी माणसाच्या सीडीवर चरे वेगळ्या जागी असणार, ड्राइव्हही वेगळा. तरीही चेकसम जुळला, तर शंकेला जागा उरत नाही. त्याआधी ड्राइव्हचा ‘ऑफसेट’ मात्र भरायला हवा. प्रत्येक मॉडेल ठरावीक मोजमापं आधी किंवा नंतर वाचायला लागतं. कानाला तो फरक कळत नाही, चेकसम मात्र बदलतो. चेकसम जुळला नाही म्हणजे रिप बिघडलाच असंही नाही, कदाचित तुमची सीडी कारखान्यात वेगळ्या साच्यावरून काढलेली असेल. अशा वेळी दुसऱ्या ड्राइव्हवर रिप करून दोन्ही चेकसम ताडावेत.

महागड्या केबलने रिप सुधारतो म्हणणारेही भेटतात. आकडे तेच आले तर फाइल तीच, मग केबल कुठलीही असो. आवाजाची पातळी वाढवणारा ‘नॉर्मलाइझ’ पर्याय मात्र आठवणीने बंद ठेवावा, कारण तो आकडेच बदलतो.

साठवायला फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळता आवाज दाबून ठेवणारा फाइलचा प्रकार, घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. तासाभराच्या सीडीचे जवळपास 635 एमबी फ्लॅकमध्ये बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतात आणि एकही बिट हरवत नाही. 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 हजार बिट) एमपी3मध्ये तेच 58 एमबीत मावतं, पण गाळलेला भाग परत मिळत नाही. फ्लॅकवरून एमपी3 केव्हाही करता येते. एमपी3चं फ्लॅक केलं तर फक्त फाइल फुगते.