‘घबराट’ आणि ‘स्पिरिट’ : संकटातील समाजाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मुंबईवर संकट आले की लोकांच्या वागण्याचे वर्णन बहुधा दोन शब्दांत उरकले जाते. लोक शहर सोडून निघाले तर ती ‘घबराट’ आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडून कामावर गेले तर ते ‘स्पिरिट’. संकटकाळातील समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास गेली शंभर वर्षे यांपैकी पहिल्या शब्दाची झाडाझडती घेत आला आहे. दुसरा आपल्याकडे अजून बिनतपासणीच खपतो.

या प्रश्नाची मुंबईतील कहाणी त्या अभ्यासशाखेहून जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने हॉस्पिटलात हलवण्याचा हुकूम काढला आणि महिनाअखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील हॉस्पिटलावर हल्ला केला. तिथे गेलेला माणूस परत येत नाही अशी बोलवा होती, आणि प्लेगच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधार नव्हती. पुढील काही महिन्यांत लाखो लोक कोकणात, घाटावर आणि गुजरातेत निघून गेले. सरकारदरबारी याची नोंद घबराट म्हणून झाली. मात्र मैला वाहणारे कामगारही निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, या धास्तीने प्रशासनालाच आपला हुकूम सौम्य करावा लागला. मागे राहिलेल्या गिरणीकामगारांनी आपली वाढलेली किंमत अचूक ओळखली. मजुरी अनेक आठवडे थकवून ठेवणाऱ्या गिरण्यांना काही काळ रोजचे पैसे रोज मोजावे लागले. भेदरलेला माणूस असा हिशेब करत नाही. घबराट रहिवाशांइतकीच राज्यकर्त्यांचीही होती, हे इतिहासकारांनी नीट मांडले ते जवळजवळ शंभर वर्षांनी. राजनारायण चंदावरकर यांचे लेखन त्यात विशेष महत्त्वाचे आहे.

स्वतंत्र अभ्यासशाखेचा आरंभ सामान्यतः कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरापासून मोजतात. ६ डिसेंबर १९१७ रोजी तेथे दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार माणसे मेली. त्याच शहरात धर्मोपदेशक असलेले सॅम्युएल प्रिन्स यांनी १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून या दुर्घटनेवर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी मोजता येणारी जोखीम आणि मोजताच न येणारी अनिश्चितता यांत भेद केला. पण संशोधनाला मोठा पैसा मिळाला तो शीतयुद्धाच्या काळात, कारण अणुहल्ला झाल्यास नागरिक सैरावैरा धावतील का, हे अमेरिकी सरकारला जाणून घ्यायचे होते. १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांतेली आणि सहकाऱ्यांनी आपत्ती संशोधन केंद्र स्थापन केले. प्रत्यक्ष पाहणीतून हाती आले ते अपेक्षेच्या उलट होते : सार्वत्रिक घबराट विरळा असते, लोक आधी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना शोधतात, आणि सुटकेचे पहिले काम बहुधा तेच करतात.

भारतातील एका कामाचा उल्लेख येथे करायलाच हवा. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा भागांत आणखी मोठ्या प्रलयाची भाकिते जोरात होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी यावरून वेगळाच अर्थ लावला : अफवा भीती निर्माण करत नव्हती, मनात आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवत होती. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस त्या जुळवून घेऊ पाहतो, या १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘संज्ञानात्मक विसंगती’च्या प्रसिद्ध सिद्धान्तामागे हे निरीक्षण होते. पाठ्यपुस्तकांत फेस्टिंगर राहिले, प्रसाद मागे पडले.

पुढे प्रश्नच बदलला. लोक कसे वागतात याऐवजी, संकटाआधी त्यांच्या हाती काय होते, हे विचारले जाऊ लागले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची चर्चा धान्याच्या साठ्यावरून धान्यावरील हक्काकडे वळवली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होतीच. रोजगार हमी योजना तिथूनच विस्तारली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला शंभराच्याही आत. त्यानंतर माधवराव चितळे समितीने मिठी नदी आणि पाण्याचा निचरा तपासला. रात्रभर कमरेएवढ्या पाण्यातून चाललेल्यांना अनोळखी घरांतून चहा-बिस्किटे मिळाली, हे खरेच. पण कामावर परतणाऱ्यांपैकी कितीजणांना घरी बसणे परवडले असते, हे ‘स्पिरिट’ या शब्दातून कळत नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगसाठीच झालेला होता. टाळेबंदी होताच मजूर पुन्हा गावाकडे निघाले. टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक चालेल अशा खोट्या बातमीने झालेल्या घबराटीमुळे हे स्थलांतर घडले, अशी नोंद ३१ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आहे. प्रत्यक्षात देशव्यापी टाळेबंदी ३१ मेपर्यंत वाढत गेली, आणि त्यानंतरही मुंबईतील लोकलची दारे सर्वसामान्य प्रवाशांसाठी कित्येक महिने बंद होती.