लँड यॉट

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत अमेरिकेत बनलेल्या अवाढव्य प्रवासी मोटारींना तिकडे काहीशा थट्टेने आणि बऱ्याचशा लाडाने दिलेले नाव. शब्दशः अर्थ जमिनीवरची आलिशान नौका. कंपन्यांच्या भाषेत हा ‘फुल-साइझ’ वर्ग. कॅडिलॅक, लिंकन काँटिनेंटल, क्रायस्लर इंपीरियल, ब्यूक इलेक्ट्रा ही त्यातली श्रीमंत घराणी. शेव्हरोले इम्पाला जवळजवळ त्याच मापाची, पण पगारदार माणसाच्या आवाक्यातली.

आकाराची कल्पना यावी म्हणून १९५९ची कॅडिलॅक घेऊ. लांबी ५.७ मीटर, रुंदी २ मीटर, वजन दोन टनांहून अधिक. ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती. आपली अँबॅसिडर हिच्याशेजारी उभी केली तर सव्वा मीटरहून जास्त आखूड भरते. ब्यूक इलेक्ट्रा २२५ या गाडीच्या नावातला आकडा तर तिच्या लांबीचाच, इंचांत मोजलेला. लांबीची जाहिरात नावातच करावी, असा तो काळ होता. कॅडिलॅकच्या शेपटीवरचे पंख १९४८ साली आले. पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानाच्या जोडशेपटीवरून ते सुचले होते. जनरल मोटर्सचा रचनाप्रमुख हार्ले अर्ल याच्या कारकिर्दीत ते दरसाल वाढत गेले आणि १९५९ साली पुरुषाच्या कमरेच्या आसपास पोचले. त्यांचा वाहनाला काडीचा उपयोग नव्हता.

स्वस्त पेट्रोल आणि १९५६च्या कायद्याने देशभर पसरू लागलेले महामार्ग यांवर ही जात पोसली. १९७३च्या तेलसंकटाने तिचे दिवस भरले. १९७६च्या कॅडिलॅक एल्डोराडोचे इंजिन ८.२ लिटरचे होते, पण त्याची अधिकृत ताकद अवघी १९० अश्वशक्ती. हेच इंजिन १९७० साली ४०० दाखवत असे. मधल्या काळात धुराचे नियम कडक झाले होते आणि ताकद मोजण्याची रीतही बदलली होती. १९७७ साली जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या गाड्या आखूड आणि हलक्या केल्या.

आज अशी गाडी बाळगणे हा मुख्यतः जागेचा आणि नियमित वापराचा प्रश्न आहे. पैशाचा आहेच, पण नवखे मालक समजतात तसा तो पहिला नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांची गॅरेजे बहुधा २० फूट खोल असतात. पावणेएकोणीस फुटांची गाडी आत घेतली की दार लागते, पण माणसाला पुढून वळसा घालायला वाट उरत नाही.

या गाड्या वापराने जितक्या झिजतात त्याहून उभ्या राहून अधिक खराब होतात. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबरी सील वाळून तडकतात. टायर एका जागी चेपतात. थंड प्रदेशात हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात तेव्हा टाकी काठोकाठ भरतात, बॅटरी सोडवून ठेवतात आणि वायरी कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करतात. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, असे मालक गमतीने म्हणत असले तरी त्यात तथ्य आहे.

ब्रेक हे खरे जोखमीचे अंग. १९५०च्या दशकात चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. दोन टनांची गाडी घाटातून उतरताना ते तापतात आणि पाय दाबूनही पकड येत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकण्याची सवय लागते. त्याहून वाईट म्हणजे साऱ्या चाकांना ब्रेकतेलाचा एकच मार्ग. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. दोन स्वतंत्र मार्गांची पद्धत अमेरिकन गाड्यांत सर्रास आली ती १९६७च्या सुमारास. अनेक मालक हा एक बदल करून घेतात आणि बाकी सगळे मूळ ठेवतात. मूळपणाचे कट्टर त्यावरही नाक मुरडतात. रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीबाबत तो आक्षेप गंभीरपणे घेण्याचे कारण नाही.

इंजिन मात्र सोशिक. हळू फिरणारे, ढिल्या स्वभावाचे, हात घालायला ऐसपैस जागा असलेले. जनरल मोटर्सच्या अनेक व्ही-८ इंजिनांत १९५७पासून डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीला एक छोटी सरकती खिडकी आली. इंजिन चालू ठेवून तिच्यातून षट्कोनी चावी घालायची आणि पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या टोकांची, फट जुळवायची. अडचण येते ती आजच्या तेलांची. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर घासणाऱ्या जुन्या सपाट टॅपेटांना इंजिन ऑइलमधले जस्त आणि फॉस्फरसचे संयुग लागते. पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी त्याचे प्रमाण घटवले गेले, म्हणून मालक जुन्या इंजिनांसाठीचे वेगळे ऑइल शोधतात. पेट्रोलमधले शिसे अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६पासून पूर्ण बंद झाले. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकींना जपत असे. त्यामुळे इंजिन खोलायची वेळ आली की कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतात, तोवर संथ चालवणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. इथेनॉलचे मिश्रण जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खाते, तो त्रास अधिक खरा.

पत्रा म्हणजे खर्चाची खाण. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, मडगार्डांची टोके पोखरते. म्हणून अॅरिझोनाच्या वाळवंटातली गाडी भाव खाते, जरी तिचा डॅशबोर्ड उन्हाने फाटलेला असला तरी. खड्डे बुजवायला लावलेल्या पुटीनखाली काय लपले आहे हे लोहचुंबक फिरवून पाहतात. चुंबक चिकटेनासे झाले की तिथे पत्रा नाही. यांत्रिक भाग आजही सहज मिळतात, कारण तीच इंजिने लाखांनी बनली. मिळत नाही ते त्या एकाच सालच्या गाडीला लागणारे टेललाइटचे काचझाकण किंवा क्रोमची पट्टी. बारीक नक्षीचे भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. त्यांवर आतून फोड येतात आणि नव्याने क्रोम चढवणे पत्र्याच्या कामाहून महाग पडते. असे सुटे भाग शोधायला लोक दर ऑक्टोबरला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या बाजाराला जातात.

गाडी मिरवण्याच्या रीतीही प्रांतागणिक वेगळ्या. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची रांग लागते. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत १९६४ची इम्पाला हायड्रॉलिक पंपांवर जमिनीला टेकवतात आणि मध्येच उडवतात. अशा गाड्या मिरवत रस्त्यावर हळू फिरण्यावर कॅलिफोर्नियातल्या गावांनी घातलेली बंदी राज्याने २०२४च्या आरंभी उठवली. क्यूबात मात्र प्रश्न हौसेचा नाही. १९६०नंतर अमेरिकन आयात तुटली आणि उरलेल्या गाड्याच शेअर टॅक्सी म्हणून चालत राहिल्या. त्यांना तिथे ‘आल्मेंद्रॉन’ म्हणजे मोठा बदाम म्हणतात. बोनेट उघडले की आत रशियन किंवा जपानी डिझेल इंजिन दिसते.

मुंबईचा संबंधही जुना. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. फियाटचे राज्य येण्याआधी शहरात अशा मोठ्या टॅक्सी धावत. त्यांतल्या काही गाड्या आजही कुणाकुणाच्या शेडमध्ये आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. तिची नोंदणी दहा वर्षांसाठी, शुल्क २०,००० रुपये. त्या पाटीवर रोजची ये-जा किंवा धंदा करता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासासाठी, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला मात्र गाडी बाहेर काढता येते. पेट्रोलची फेरी वारंवार लागते, कारण ही गाडी शहरात लिटरमागे पाच किलोमीटरच्या आतबाहेरच चालते.