फेरिटिनचा आकडा आणि बंद पडलेले लिलाव

"दोन हजार सहाशे! म्हणजे लोह भरपूर आहे की, सर. आता रक्त कमी पडणार नाही."

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये बाकावर शेजारी बसलेल्या मामांनी भाच्याचा फेरिटिनचा रिपोर्ट पुढे केला. भाच्याला थॅलेसेमिया, म्हणजे शरीर रक्त नीट बनवत नाही, ते सतत बाहेरून चढवावं लागतं. पुढच्या महिन्यात मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांट. फेरिटिन हा शब्द २०२१च्या कोरोना लाटेत आपल्याला पाठ झाला, अर्थ मात्र राहूनच गेला.

शरीरात लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर पडतं, जादा झालेलं काढून टाकायची सोयच नाही. रक्ताच्या एका पिशवीतून मात्र २००-२५० मिलिग्रॅम येतं. वीस पिशव्या चढल्या की आणखी एका माणसाचं लोह अंगात!

हे लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ चेंडूंत साठतं. चाळीत कांदा असतो तसं, तिथे ते बरंचसं गुमान पडून राहतं. खरी गंमत वाहतुकीत आहे. अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या बोन मॅरोला, लासलगावचा कांदाबाजार समजा. ट्रान्सफेरिन हे प्रथिन म्हणजे ट्रॅक्टर. एका खेपेला लोहाचे दोनच अणू. कुठल्याही क्षणी वाटेवर असलेलं लोह फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास, पण मज्जा दिवसाला २०-२५ मिलिग्रॅम उचलते. हा माल येतो मुख्यतः मोडलेल्या जुन्या तांबड्या पेशींतून.

ट्रान्सप्लांटआधीची जोरदार केमो मज्जा रिकामी करते. लिलाव बंद! माल मात्र येतच राहतो. एरवी साधारण एक तृतीयांश भरलेलं ट्रान्सफेरिन काही दिवसांत काठोकाठ भरतं आणि लोह रस्त्यावर सांडतं. हे मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे भलतेच आक्रमक कण तयार होतात (या जोडीची करामत फेन्टनने १८९४ साली नोंदवली होती). ते पेशीपटलातल्या मेदाम्लांवर तुटून पडतात, यकृत होरपळतं. जंतू आणि बुरशीलाही लोह हवंच असतं, आणि नेमक्या तेव्हाच पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात.

ट्रान्सप्लांटआधी फेरिटिन फार जास्त असलेल्यांचं जगण्याचं प्रमाण कमी, असं अनेक अभ्यासांत दिसलं. पण एमआरआयने यकृतातलं लोह मोजलं, तेव्हा हा संबंध तसा पक्का निघाला नाही. कारण फेरिटिन नुसत्या दाहानेही चढतं. कोरोनात चढायचं ते त्यामुळेच. म्हणून एकट्या आकड्यावर भिस्त नको, ट्रान्सफेरिन किती भरलंय तेही बघावं लागतं.

मामांच्या बोटात पंचवटीतून घेतलेली घोड्याच्या नालेची अंगठी होती. भाच्यालाही घातलीय म्हणाले. ते लोखंड रक्तात उतरत नाही, तेवढंच बरं.

"आणि लोह उतरवायच्या गोळ्या?" मी विचारलं.

"त्या महिनाभर बंदच केल्यात. आधीच पोराला रक्त कमी, त्यात लोह कशाला काढायचं?"

मी त्यांना तिथूनच, त्याच बाकावरून, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला.